एकतीसची रेघ

"जळगावले काय शिकी ऱ्हायना तू?" नाना दर सुट्टीत विचारायचे. एम.एस्सी. केमिस्ट्री एवढ्यानं त्यांचं समाधान होत नसे. एकदा सांगून टाकलं, "दारू तोडस." ते हसले. "दारू तुटस? आठे तर सुटत नही."

तोडतो ती अशी. मास स्पेक्ट्रोमीटरच्या निर्वात पोकळीत इथेनॉलची वाफ सोडायची आणि तिच्यावर 70 इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन मारायचे. रेणूतला एक इलेक्ट्रॉन उडवायला साधारण साडेदहा पुरतात. त्यावरची थोडी ऊर्जा रेणूतच अडकते, तो थरथरतो आणि तुटतो. पण कुठेही तुटत नाही. ऑक्सिजनला धरून असलेल्या कार्बनचा पलीकडचा बंध जातो, कारण उरलेल्या तुकड्यावरचा धन प्रभार ऑक्सिजन सावरून घेतो. त्या तुकड्याचं वजन 31. आलेखावर सगळ्यात उंच रेघ त्याचीच. अख्ख्या इथेनॉलची, 46 ची, बुटकी. ब्युटेनॉल तर 18 वजनाचं पाणी टाकून मोकळं होतं, अख्खा रेणू जवळपास दिसतच नाही. मला हे सगळं फार आवडायचं.

मग एका दुपारी मिथेनॉलचा आलेख बघितला. सगळ्यात उंच रेघ 31.

पोटात गोळा आला. जून 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉलच्या दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. मशीन तशी फसत नाही: 45 आणि 46 आहेत का, 32 किती उंच आहे, यावरून ओळखू येतं. नाकाला आणि जिभेला मात्र भरवसा ठेवण्याइतकं काही कळत नाही. आणि नाना पितात ती गावातली, प्लास्टिकच्या पिशवीतली. मालवणीचं सांगितलं तर म्हणाले, "ते मुंबईनं."

शरीरात असला मारा नसतो. यकृत सावकाश तोडत बसतं. इथेनॉलचं होतं व्हिनेगरमधलं आम्ल. मिथेनॉलचं आधी फॉर्मल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल, आणि ते डोळ्याची नस जाळतं. कधी कधी अख्खा दिवस काही जाणवत नाही. मग दिसायला धूसर होऊ लागतं.

म्हणून शनिवारी एसटी धरतो. एरंडोल, पारोळा, धुळे, तिथून गाव. रात्री नाना कधी येतात ते अंथरुणातून ऐकतो. रविवारी सकाळी ते खाटेवर बसले की विचारतो, "नाना, आज काय तारीख शे?" कॅलेंडर समोरच्या भिंतीवर. मोठा आकडा वाचला की म्हणतो, खालचं बारीक वाचा. का विचारतो ते कधी सांगितलं नाही. आई चुलीपाशी हात थांबवून ऐकते, तिला मी सांगितलंय.

मागच्या रविवारी मी तोंड उघडायच्या आत नानाच भिंतीकडे बघत म्हणाले, "अठरा. खाले संकष्टी लिखेल शे. दिखस माले, भाऊ. चहा ठेव."