दादा, आधी हिंदीतले

आज रात्री जेवणं उरकल्यावर ‘सोंगाड्या’ पुन्हा पाहिला. जबलपूरच्या आम्हा मराठी पोरांना दादा कोंडके भेटले ते उलट्या बाजूनं, आधी हिंदीतून. ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) हे पोस्टरवरचं नाव मी भर रस्त्यात मोठ्यानं वाचलं आणि काकांनी कान पिळला. का, ते सांगितलं नाही. सांगणार तरी काय? वाक्य स्वच्छ, चावटपणा ऐकणाऱ्याच्या डोक्यात. सेन्सॉरनं कात्री लावायची कुठं?

‘सोंगाड्या’ १९७१चा. दादरच्या कोहिनूरमध्ये तो लागावा म्हणून शिवसेना मैदानात उतरली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढं दादांच्या नऊ सिनेमांचे रौप्यमहोत्सव आणि गिनीज बुक, तेही पाठ झालंय. मला आज खिळवलं ते दादांनी रंगवलेल्या नाम्याच्या चड्डीनं. लोंबणारी नाडी, भोळा चेहरा, आई झालेल्या रत्नमालाबाईंना घातलेली ती ‘आये’ची हाक. एवढा बावळट माणूस मुद्दाम काही बोलेल असं वाटतच नाही, आणि तिथंच आपण फसतो. वसंत सबनीसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याच्या प्रयोगांत मुरलेलं टायमिंग आहे ते.

हिंदीत नाडी आली, तमाशा मागेच राहिला. उरला नुसता चावटपणा. सुशिक्षितांनी नाकं मुरडली. या सिनेमांपुरती ती बरोबरच मुरडली, असं माझं मत. मराठीतल्या दादांवर मात्र अन्याय झाला. त्यांच्या नायिका उषा चव्हाणांवर त्याहून जास्त. समोरचा एवढा आगाऊपणा करत असताना पडद्यावर ठसक्यात उभं राहायचं, ही काय सोपी गोष्ट आहे?