अव्यापाराचा एक दिवस : हिंगणघाट ते पवनार

वणा नदीच्या काठावरील हिंगणघाट कापसावर वाढले. दिवाळी सरली की बाजार समितीच्या आवारात कापसाने भरलेल्या गाड्यांच्या रांगा लागतात, जिनिंगची यंत्रे धडधडू लागतात, सरकी आणि रुई वेगळी होते, गाठी बांधल्या जातात. अडत्या, दलाल, गाठींची वाहतूक करणारा, जमाखर्च लिहिणारा, या साखळीतील पुष्कळ माणसे कोणाचीही नोकर नाहीत. व्यवहार झाला तर अडत मिळते. माणूस घरी बसला तर त्या दिवसाची कमाईही घरीच बसते. मजुराच्या भाषेत याला ‘खाडा’ म्हणतात. पेढीवरचा शब्द सभ्य असेल, पण अनुभव तोच.

पूर्वी या खाड्याची सोय निसर्गानेच केली होती. उन्हाळ्यात आवक आटे, जिनिंग थंडावे आणि पावसाळ्यात नवा कापूस अजून शेतात उभा असे. नेमक्या त्याच महिन्यांत साधुसाध्वींचा चातुर्मास येई, पर्युषण येई. पेढी काही बंद पडत नसे. वसुली आणि उधारीचे हिशेब चालूच असत. तरी धावपळ ओसरे आणि प्रवचनाला जाण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागत नसे. कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपे, तोवर बाजार पुन्हा भरू लागलेला असे. व्यापाराचे वर्ष आणि धर्माचे वर्ष एकमेकांच्या सोयीने चालत.

आज अशाच घरांतील मुले-मुली कर-सल्लागार आहेत, वास्तुरचनाकार आहेत, दूरच्या कंपन्यांसाठी कंत्राटी पद्धतीने संगणकाची कामे करतात. पेढी त्यांच्या खिशात असते आणि तिला हंगाम नसतो. नोकरदाराची रजा साहेब मंजूर करतो. स्वतंत्र व्यावसायिकाचा साहेब तो स्वतःच, आणि स्वतःकडे अर्ज करण्याचे धाडस त्याला सहसा होत नाही. ‘मी थांबलो तर ग्राहक दुसरीकडे जाईल’ ही भीती खोटी नाही. काही ग्राहक खरोखरच जातात.

श्रावकाच्या बारा व्रतांची रचना पाहिली तर ही अडचण फार पूर्वीच ओळखलेली दिसते. सामायिक ४८ मिनिटांचे. देशावकाशिक व्रतात त्या दिवसापुरती हालचालीची सीमा आखून घ्यायची. पौषधाची चार अंगे सांगितली आहेत : आहाराचा त्याग, शरीरसत्काराचा त्याग, ब्रह्मचर्य आणि चौथे अव्यापार. उपवासाच्या पंक्तीत व्यापार-त्यागाला जागा मिळाली, हे मोठे मर्मग्राही आहे. ज्याला कोणी रजा देणारा नाही, त्याने ती व्रत म्हणून, आधीच मर्यादा ठरवून घ्यावी, असाच त्याचा व्यावहारिक अर्थ होतो.

वर्धा जिल्ह्यात या विचाराची दोन ठिकाणे एका दिवसात पाहून होतात. गाडीने हिंडणाऱ्याला पौषध घडत नाही, हे खरे. पण अव्यापार म्हणजे काय, ते तिथे डोळ्यांनी दिसते.

पहिले सेवाग्राम, वर्ध्यापासून सुमारे ८ किलोमीटरवर. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी इथे आले, तेव्हा गावाचे नाव शेगाव होते. बापू कुटीच्या मातीच्या भिंती आणि बसकी बैठक पाहताना, देशाचा एवढा कारभार इतक्या छोट्या जागेतून चालला, यावर विश्वास बसत नाही. पत्रे, पाहुणे, रुग्ण यांची रीघ लागलेली असे. अशा माणसाने आठवड्यातला सोमवार मौनासाठी राखला होता. त्या नियमाची कसोटी पुढे दिल्लीत लागली. २ जून १९४७ रोजी फाळणीच्या योजनेसंबंधी व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची भेट ठरली आणि तो सोमवार होता. गांधीजींनी जुन्या लिफाफ्यांच्या पाठीवर लिहून उत्तरे दिली. मौनाचा नियम घेतानाच त्यांनी दोन अपवाद राखले होते : उच्चपदस्थांशी तातडीचे बोलणे आणि रुग्णांची सेवा. त्या दिवशी पहिला अपवाद वापरता आला असता. त्यांनी तो वापरला नाही.

दुसरे ठिकाण नागपूर रस्त्यावरील पवनार. धाम नदी इथे खडकांतून वाहते आणि काठच्या उंचवट्यावर विनोबांचा परंधाम आश्रम आहे. १९३८ मध्ये विनोबांची प्रकृती इतकी ढासळली होती की वजन ८८ पौंडांवर आले. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याच्या सूचना झाल्या. विनोबांनी निवडला तो जमनालाल बजाज यांचा पवनारचा रिकामा बंगला, वर्ध्यापासून अवघ्या काही मैलांवरचा. धामेचा पूल ओलांडताना त्यांनी आश्रमाची सारी जबाबदारी मनातून सोडून दिल्याचा संकल्प केला. मग रोज थोडे खोदकाम : प्रारंभी पाच मिनिटे, पुढे हळूहळू वाढवत. सुमारे दहा महिन्यांत वजन ४० पौंडांनी वाढले. त्याच परिसरातील खोदकामात राम-भरत भेटीचे प्राचीन शिल्प सापडले; ते आजही आश्रमात पाहायला मिळते.

विनोबा दूर गेले नव्हते, आणि स्वस्थ बसूनही राहिले नव्हते. सुटले होते ते फक्त ओझे. उलट, महाबळेश्वरच्या हॉटेलात बसून दर तासाला ग्राहकाचे संदेश पाहणारा माणूस शेकडो मैल जाऊनही पेढीवरच असतो. भूदानासाठी १३ वर्षे पायी हिंडलेल्या याच विनोबांनी ७ ऑक्टोबर १९७० रोजी क्षेत्रसंन्यास घेऊन पवनारची सीमा स्वीकारली. देशावकाशिक व्रत जाणणाऱ्या श्रावकाला त्यामागची दृष्टी परकी वाटणार नाही.

आता प्रश्न उरतो पैशाचा, आणि व्यापारी घराने तो हिशेबानेच सोडवावा. घरखर्च रोजचा १,००० रुपये धरला तर वर्षाचे ३,६५,००० होतात. वर्षात ३०० दिवसच काम करायचे असेल तर ही रक्कम त्या ३०० दिवसांतच उभी राहिली पाहिजे, म्हणजे दिवसाला सुमारे १,२१७ रुपये. हे जास्तीचे २१७ रुपये दर ठरवतानाच धरायचे असतात. ते धरले नाहीत की विश्रांती उधारीवर जाते. रजेची तारीख ग्राहकाला आधी कळवावी, तातडीचे काम कोण पाहील ते सांगावे, आणि अपवाद कोणते तेही त्याच वेळी लिहून ठेवावे. एवढे करूनही एखादे काम हातचे जाईल. परिग्रहाची मर्यादा स्वीकारणाऱ्याने त्या मर्यादेत हाही तोटा धरलेला असतो.

संध्याकाळी धामेच्या पात्रातील खडकांवर ऊन कलते. हिंगणघाटहून आलेला प्रवासी परतीला निघतो. बंद ठेवलेला फोन पूल ओलांडल्यावर सुरू करायचा की घरी पोहोचल्यावर, हे त्याने सकाळी निघतानाच ठरवलेले असते.