पास-नापास

दिवाळी अंकात पोटाविषयी लिहायचे तर ते चकली-चिवड्याच्या वाटेने लिहावे, असा रिवाज आहे. मी मात्र आज पोटाच्या अशा एका व्यवहाराविषयी लिहिणार आहे, की ज्याचे नाव निघताच चारचौघांत आपण घसा खाकरतो आणि पावसापाण्याच्या गोष्टी काढतो. फराळाचे ताट पुढे घेऊन हा अंक चाळणाऱ्या वाचकांची मी आधीच क्षमा मागतो. त्यांनी हवे तर ताट संपवावे आणि मग पुढे वाचावे.

गेल्या वर्षी नरक चतुर्दशीला सहा दिवस उरले असताना माझ्या आतड्याला पीळ पडला. ‘सुंभ जळाला तरी पीळ जात नाही’ ही म्हण मी वीस वर्षे वर्गात समजावून देत आलो आहे. पण पीळ म्हणजे काय, हे मला त्या रात्री समजले. संध्याकाळी पोट दुखू लागले तेव्हा मी दुपारच्या मिसळीवर संशय घेतला. कोल्हापुरात पोटाच्या प्रत्येक दुखण्याचा पहिला आरोपी कट हाच असतो. पण रात्री दहापर्यंत पोट नगाऱ्यासारखे फुगले, उलट्या सुरू झाल्या, आणि पहाटे तीनच्या सुमारास मी शस्त्रक्रियेच्या टेबलावर होतो. शल्यविशारदांनी पोट उभे चिरले, काळा पडलेला वीतभर भाग कापून टाकला आणि उरलेली दोन टोके जोडून दिली.

शुद्धीवर आलो तेव्हा मला वाटले, नाटक संपले. प्रत्यक्षात दुसरा अंक सुरू व्हायचा होता, आणि त्या अंकात सगळ्या पात्रांच्या तोंडी एकच वाक्य होते : “गॅस पास झाला का?” सकाळी मोठे डॉक्टर विचारीत, दुपारी छोटे डॉक्टर विचारीत, रात्री सिस्टर विचारी. जन्मभर दुसऱ्यांना पास-नापास करण्यात गेला, आणि आता ही परीक्षा माझ्या वाट्याला आली होती.

डॉक्टर गृहस्थ बोलके होते. त्यांनी स्टुलावर बसून मला सारा प्रकार समजावून दिला. आतडे मोठे मानी असते. त्याला परक्या हातांचा स्पर्श झाला, की ते रुसून बसते. सूज येते, मज्जातंतू त्याला ‘थांब’ म्हणून सांगतात, आणि अन्न पुढे ढकलणाऱ्या त्याच्या लाटा बंद पडतात. मग लहान आतडे साधारण एका दिवसात जागे होते, जठराला एक-दोन दिवस लागतात, आणि मोठे आतडे दोन-तीन दिवसांनी, कधी त्याहून उशिरा, डोळे उघडते. वारा सरतो ती आत वाहतूक पुन्हा चालू झाल्याची वर्दी. मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके आतड्यालाही गुंगी आणतात. रक्तातले पोटॅशियम उतरले, तरी ते सुस्तावते. हल्ली आधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घोट घोट पाणी आणि थोडे अन्न सुरू करतात. माझे प्रकरण तातडीचे, आतडे आधीच तुंबून फुगलेले. म्हणून माझ्या बाबतीत सबुरी होती.

“आम्ही काय करायचे?” सौभाग्यवतींनी विचारले.

“चालवा यांना. आणि च्युइंगगम चघळायला द्या.”

मला वाटले, डॉक्टर थट्टा करीत आहेत. वर्गात च्युइंगगम चघळणाऱ्या किती पोरांना मी बाहेर काढले असेल! पण त्यामागे शास्त्र होते. जबडा हलला, लाळ सुटली, की मेंदूला वाटते जेवण आले, आणि तो आतड्याला तसा निरोप धाडतो. २००२ साली जपानमधल्या डॉक्टरांनी मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर हा प्रयोग करून पाहिला, तेव्हा च्युइंगगम चघळणाऱ्यांचा वारा लवकर सरला. चालण्याने आतडे किती लवकर जागे होते याविषयी डॉक्टरांत दुमत आहे. पण पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत आणि फुप्फुसे मोकळी राहावीत म्हणून चालणे भागच असते. तेव्हा एका हाताने पोटावर उशी दाबून, दुसऱ्या हाताने सलाइनचा स्टँड ढकलीत आणि तोंडाने च्युइंगगम चघळीत मराठीचे प्राध्यापक वॉर्डातून फेऱ्या घालू लागले.

शेजारच्या खाटेवर पन्हाळ्याकडचे एक शेतकरी होते. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांचेही पोट उघडले होते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशी आरोळी ठोकली, “सिस्टर, वारं सरलं!” त्यांच्या मुलांचे चेहरे असे उजळले, की जणू ऊसबिलाचा हप्ता जमा झाला. मी मात्र भिंतीकडे तोंड करून हसलो. म्हटले, काय हा गावंढळपणा!

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तक्ता घेऊन सिस्टर आली ती ओळखीची निघाली. अकरावीला ती माझ्याकडे मराठीला होती. तिच्याबरोबर शिकाऊ मुलींचा घोळका होता. “सर, गॅस पास झाला का?” तिने विचारले. पाच-सहा कोवळे चेहरे माझ्याकडे पाहत होते. मराठी भाषेच्या या सेवकाला त्या क्षणी ‘नाही’ म्हणणेदेखील जड गेले. कारण ‘नाही’ म्हटले, की पुढे चार प्रश्न येणार. मी म्हणालो, “हो.”

एक अक्षर! त्या एका अक्षरावर मला पाणी मिळाले, मग नारळपाणी मिळाले. चार घोटांनी तृप्त होऊन मी डोळे मिटले. रात्री एकला उचक्या लागल्या, पोट पुन्हा ताणले, आणि हिरव्या उलटीने चादर भिजली. धावपळ झाली. नाकातून पोटात नळी गेली आणि साचलेले सारे बाहेर आले. दाराबाहेर डॉक्टर सौभाग्यवतींना सांगत होते ते मला ऐकू आले : झोपेत उलटी श्वासनळीत गेली असती, तर प्राणावर बेतले असते.

ती आत आली. बराच वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, “अहो, खरंच झालं होतं का?”

मी मान हलवली.

“मुलींसमोर लाज वाटली?”

मी डोळे मिटून घेतले.

“या लाजेची किंमत तुम्हांला नसती पडली,” ती म्हणाली, “मला पडली असती.”

त्या रात्री झोप आली नाही. कुठे तरी वाचलेली एक हकिकत आठवत राहिली. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी महात्मा गांधींचे अपेंडिक्स काढले. गांधीजी तेव्हा येरवड्याचे कैदी होते. ऐन शस्त्रक्रियेत वीज गेली आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. त्यानंतरच्या शंभर वर्षांत शस्त्रक्रियेची विद्या कुठल्या कुठे गेली. पण निजलेले आतडे दाबताक्षणी जागे करील असे बटण अजून निघालेले नाही. डॉक्टर स्टेथोस्कोप लावतात, फोटो काढतात, आणि शेवटी रोग्यालाच विचारतात. रोग्याचे खरे उत्तर हाच त्यांच्या हातातला कंदील. तो मी फुंकर मारून विझवला होता.

सकाळी सिस्टर आली तेव्हा मी तिला खरे सांगितले. ती क्षणभर गप्प राहिली. “सर, माझंही चुकलंच. सगळ्यांसमोर विचारायला नको होतं,” असे म्हणून तिने खाटेभोवतीचा पडदा ओढला. तक्त्यावर तिने काय लिहिले ते मी पाहिले नाही. पण नापास झाल्याने इतके हलके वाटते, हे मला ठाऊक नव्हते.

पुढचे दोन दिवस सलाइनमधून पोटॅशियम गेले, गुंगीचे औषध कमी झाले, फेऱ्या वाढल्या. आबा खाटेवरून धीर देत, “हुतंय मास्तर, हुतंय. बैल बसला तरी उठतोयच की.”

आणि नरक चतुर्दशीची पहाट आली. घरची मंडळी अभ्यंगस्नानाला उठली असतील, असा विचार करीत मी पडलो होतो. सौभाग्यवतींनी ओल्या टॉवेलने माझे अंग पुसले आणि कानामागे सुगंधी तेलाचे बोट लावले. बाहेर रस्त्यावर पहिला फटाका वाजला. त्याला माझ्या खाटेवरून उत्तर गेले.

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. मग मी साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असे ओरडलो, “सिस्टर, वारा सरला!”

“जिंकलासा मास्तर!” आबा खाटेवर उठून बसले. सौभाग्यवती पदर तोंडाला लावून हसत होती. डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होते.

परवा आमच्या एका सहकारी प्राध्यापकांचे पोटाचे ऑपरेशन झाले, म्हणून भेटायला गेलो. सिस्टरने नेहमीचा प्रश्न केला. ते शाल सारखी करीत, छताकडे पाहत, काहीतरी पुटपुटले. मी उठलो, भेटायला आलेल्यांना चहाला पिटाळले, पडदा ओढला आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणालो, “खरं काय ते सांगा. मी एकदा कॉपी करून पास झालो होतो.”