व्हायोलिनं झाली की व्हायची?

गिटारचा सूर छेडल्या क्षणापासून विझायला लागतो. व्हायोलिनचा सूर मात्र गज फिरतो तोवर जिवंत असतो. त्यामुळे ऑर्केस्ट्रापुढे बसलेल्या गिटारवाल्याला सतत वाटत राहतं, आपलं म्हणणं पुसलं जाणार.

काही वर्षांपूर्वी माझं तसंच झालं. तंतुवाद्यांचं रेकॉर्डिंग आधीच तयार होतं. हेडफोन लावून मला त्यातल्या मोकळ्या जागा भरायच्या होत्या. सूर चुकले नाहीत, पण एकाही वाक्याला श्वास नव्हता. एखाद्या स्वरावर रेंगाळावं, तर पुढचे बार येऊन ढकलायचे.

त्या रात्री जॅझ गिटारवादक वेस माँटगमरीचा 1965 सालचा ‘बंपिन’ हा अल्बम पुन्हा लावला. इंडियानापोलिसचा हा माणूस गिटारवादक चार्ली ख्रिश्चनच्या रेकॉर्ड ऐकून शिकला. नोटेशन वाचता येत नव्हतं. न्यू जर्सीत रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत ऑर्केस्ट्रासोबत वाजवायला बसला, तेव्हा कागद वाचून वाजवणाऱ्या वादकांसमोर त्याचा हात खुलेना. संयोजक डॉन सेबेस्कीनं मग क्रमच उलटा केला. वेसनं आधी छोट्या संचासोबत मनासारखं वाजवायचं आणि त्या वाजवण्याभोवती सेबेस्कीनं व्हायोलिनं लिहायची.

आपल्याकडे याला साथ म्हणतात. गवयाची जागा घेऊन होते, मग हार्मोनियम तिच्या मागोमाग जाते. साथीदाराचा अर्धा रियाज ऐकण्याचाच असतो.

वेस पिक न वापरता अंगठ्यानं छेडायचा. एकच स्वर दोन सप्तकांत एकदम वाजवताना तर्जनी एका तारेवर, मधली तार सोडून अनामिका किंवा करंगळी दुसरीवर. मधल्या तारेला तर्जनीच्या पोटाचा भाग हलकाच टेकवून ती मुकी करायची. अंगठा तिन्ही तारांवरून घसरतो, ऐकू येतात दोनच. पिकचा टणत्कार त्यात नसतो. स्वर गोल उमटतो, आणि गजाचा स्वरही तसाच हळुवार उगवतो. म्हणून दोन्ही एकमेकांत मिसळतात. वेसची ‘मी कोसा’ ही स्वतःची रचना ऐकावी. गिटार सावकाश बोलते आणि व्हायोलिनं तिच्या बोलण्याला सांभाळून घेतात.

पुढं माझी आधी फसलेली ती धून मी पुन्हा रेकॉर्ड केली. या वेळी सोबत फक्त बास आणि ड्रमवर ब्रश. दुसऱ्या कडव्यात एक गंधार मी उशिरा घेतला होता, ठरवून नव्हे, तो तसाच आला. नंतर व्हायोलिनं लिहिणाऱ्या मित्रानं ती जागा हेरली. गंधार विझायला लागतो, तेवढ्यात खालून व्हायोला त्याला उचलून धरतात. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे डोळे भरून आले. माझ्या उशिराला कुणीतरी घर दिलं होतं.

आता कामासाठी फोन आला की मानधनाच्याही आधी एकच विचारतो: व्हायोलिनं झालीत, की व्हायची आहेत?