ग्रिफिननं मोडलेली बैलगाडी

22 मार्च 2024 ला ‘ड्रॅगन्स डॉग्मा 2’ हा व्हिडिओ गेम बाजारात आला, तेव्हा पुण्यात राहणाऱ्या माझ्या मामेभावानं तो धड तासभरही न खेळता स्टीम या गेम्सच्या ऑनलाइन दुकानात अंगठा खाली करून टाकला. तो काही एकटा नव्हता. पहिल्याच दिवशी हजारो खेळाडूंनी तेच केलं, आणि त्याच सुमारास दोन लाखांहून जास्त लोक एकाच वेळी तो खेळतही होते. शिव्या घालायला आणि खेळायला गर्दी एकच.

रागाची कारणं खरी होती. शहरात शिरलं की चित्र अडखळायचं, कारण तिथल्या माणसांच्या हालचालींचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ग्राफिक्स कार्डावर कितीही पैसे ओतले तरी फरक जेमतेम. सेव्ह एकच, आणि नव्यानं डाव मांडायची सोयच नव्हती. ती नंतर दिली. वर खेळ बनवणाऱ्या कॅपकॉमनं खेळाबरोबर छोट्या छोट्या वस्तू रोख पैशांना विकायला ठेवलेल्या. त्यात एक पोर्टक्रिस्टल होता. हा दगड जिथे ठेवाल, तिथे फेरीस्टोन वापरून क्षणात परत येता येतं. झालं, ‘चालायचं नसेल तर पैसे मोजा’ अशी आवई उठली. प्रत्यक्षात विकायला पोर्टक्रिस्टलचा एकच नग होता, फेरीस्टोन नव्हतेच, आणि दोन्ही गोष्टी खेळातही मिळतात. पण माझ्या मते आवई खोटी असली तरी राग खोटा नव्हता. दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो खेळ येण्याआधी मुलाखतीत सांगत होते की प्रवास कंटाळवाणा वाटत असेल तर दोष खेळाचा, प्रवासाचा नाही. असं ठासून सांगणाऱ्याच्या दुकानात प्रवास टाळायचा दगड शोभतो का?

मी मावळातल्या मळवलीत राहतो, स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर. माझा कॉम्प्युटर जुना, त्यामुळे मी दुरुस्त्या येईपर्यंत थांबलो आणि दिवाळीत खेळायला बसलो. टीव्हीला जोडून बैठकीतच खेळायचो, म्हणून घरचे सगळेच त्यात ओढले गेले. या खेळात एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला बैलगाडी आहे. थोडे पैसे देऊन मागे बसायचं, डुलकी काढायची, आणि नशीब असेल तर थेट मुक्कामी जाग येते. नसेल तर मध्येच गॉब्लिन गाडी अडवतात. आमच्या मावळात बैलगाडा शर्यतीचं वेड किती आहे ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे घरातल्या अण्णांचं सगळं लक्ष बैलाकडे. “हा शर्यतीच्या घाटातला नाही, ओढकामाचा आहे. पण राखलाय चांगला,” हा त्यांचा पहिला अभिप्राय. त्यानंतर आकाशातून ग्रिफिन उतरला आणि त्यानं गाडीचा चुराडा केला. बैल गेला, अर्ध्या रस्त्यात रात्र झाली, कंदिलातलं तेल संपत आलेलं. अण्णा उठून गेले आणि जेवणापर्यंत त्या टीव्हीकडे फिरकले नाहीत.

मला मात्र हा खेळ तिथेच आवडायला लागला. त्या अंधारात माझे तीन पॉन, म्हणजे खेळानंच चालवलेले साथीदार, सोबत होते. एक मी घडवलेला आणि दोन परक्या खेळाडूंचे, भाड्यानं आणलेले. त्यातला एक म्हणाला की ही वाट मी आधी पाहिलीये, चला मागे. त्याच्या मूळ मालकाबरोबर तो तिथून आधी गेला होता म्हणून त्याला ठाऊक! पॉनची ही कल्पना 2012 च्या पहिल्या भागातलीच, पण दुसऱ्यात ती जास्त मुरली आहे.

जानेवारीत मामेभाऊ आला. लोहगडाला जायचं ठरलं, तर म्हणाला, “गाडीनं लोहगडवाडीपर्यंत जाऊ, तिथून पायऱ्या.” मोठ्या भावाची मुलगी, बारावीतली, ताडकन म्हणाली, “काका, म्हणजे तुम्ही इथेही फेरीस्टोन वापरणार?” मग काय, द्रुतगती मार्ग ओलांडून भाजे गावातून पायवाटेनंच निघालो. गायमुख खिंडीपर्यंत भांडण चालू होतं.

मामेभावाचं म्हणणं साधं होतं. दिवसभर हिंजवडीत राबून रात्री तास-दीड तास मिळतो, त्यात तीच वाट चौथ्यांदा तुडवायची आणि त्याच लांडग्यांना मारायचं? पुतणीला चालण्याचं वावडं नव्हतं. तिची तक्रार वेगळीच आणि माझ्या मते जास्त नेमकी. “व्हर्मंडच्या राज्यात वळणावर काहीतरी असतं हो. बॅटालच्या वाळवंटात गेलं की परत तेच गॉब्लिन, त्याच पाली. आणि गोष्ट तर घाईघाईत उरकलीये.” दोघांचंही पटलं. चालायला लावणं बरोबरच होतं. कमी पडली ती रस्त्यावरची वर्दळ. खेळ अर्ध्यात पोहोचेपर्यंत बहुतेक जातीचे राक्षस पाहून होतात.

एका गोष्टीवर मात्र दोघं एकत्र आले, ती म्हणजे खेळातली स्फिंक्स. ती कोडी घालते. त्यातलं एक असं की तुला पहिलं सीकर्स टोकन जिथे सापडलं होतं तिथे सात दिवसांत परत जा. खेळाच्या सुरुवातीला कुठल्याशा कड्यावर उचललेलं टोकन कोण लक्षात ठेवतो? भाऊ चरफडला होता, पुतणीनं वहीत नोंद ठेवली होती. सेव्ह एकच, त्यामुळे चुकलं की मागे फिरणं अवघड. ज्या गोष्टीला पहिल्या दिवशी लोकांनी दोष मानलं तीच इथे कोड्याला धार आणते.

खिंडीत पाणी प्यायला बसलो तेव्हा विषय ‘राजी’वर गेला. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सनं 2020 मध्ये काढलेला तो खेळ रोल-प्लेइंग नाही, पण देव, असुर आणि राजवाडे आपले. रंगात येतो आणि अचानक संपतो. पुढचा भाग खरा हवा होता तो ‘राजी’ला, असं भावाचं मत. हे मला मान्य आहे.

इत्सुनो ऑगस्ट 2024 अखेर कॅपकॉम सोडून गेले, तेव्हा ‘डॉग्मा’चा तिसरा भाग निघाला तर तो कोण करेल देव जाणे. आमच्या घरच्या मागण्या तयार आहेत. भावाला मित्रांसोबत एकत्र खेळता यायला हवंय, पॉन नकोत. पुतणीला नव्या जातीचे राक्षस हवेत आणि पहिल्या भागाच्या 2013 च्या ‘डार्क अरिझन’ या वाढीव आवृत्तीतल्या बिटरब्लॅक बेटासारखी एखादी काळोखी जागा. अण्णांना विचारलं तर म्हणाले, गाडीवानाला सांगा, रात्रीचा बैल जुंपू नको.