‘पाहिले’ या शब्दाखालची सही

स्नेहसंमेलनाला आम्ही दोघे शाळेत आलो की नव्या तुकडीतली मुले ठरलेला प्रश्न विचारतात, ‘तुम्ही विमान चालवता का?’ नाही म्हटले की त्यांच्या डोळ्यांतली चमक थोडी उतरते. विमान चालवणारे वेगळे. आम्ही ते जमिनीवर उभे असताना, बहुधा रात्री, उघडून पाहणारे. सत्तावीस वर्षे आम्ही हेच काम केले, त्यातली बहुतेक एकाच हँगरमध्ये. स्मरणिकेसाठी दोघांनी स्वतंत्र लेख द्यावेत असा संपादक मंडळाचा निरोप होता. आम्ही एकच लिहीत आहोत, कारण जे सांगायचे आहे ते आम्हां दोघांपैकी एकट्याचे नाही.

जुने विद्यार्थी कौलारू वसतिगृह विसरले नसतील. मृगाआधी कौले परतण्याचे काम निघे. अधीक्षक गुरुजी मोठ्या मुलांच्या जोड्या लावत. एकाने शिडीने वर चढायचे, फुटकी कौले बदलायची. दुसऱ्याने खोलीची दारे-खिडक्या लावून आत अंधारात उभे राहायचे आणि छतातून कुठे उजेडाचा ठिपका दिसतो ते सांगायचे. मग वहीत खोलीच्या क्रमांकापुढे वरच्याने ‘केले’ लिहायचे, खालच्याने ‘पाहिले’. दोन्ही शब्द एकाच अक्षरातले दिसले तर गुरुजी ती खोली पुन्हा करायला लावत, मग बाहेर जेवणाची घंटा झालेली का असेना. आम्ही दोघे त्या वहीत तीन पावसाळे एकमेकांखाली आहोत. पुढे ज्या धंद्यात पडलो त्यात हीच दोन क्रियापदे पोटापाण्याची होतील, याची तेव्हा कल्पना नव्हती.

विमानाची तपासणी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. नेहमीच्या देखभालीचे वेळापत्रक असतेच. पण एखाद्या जातीच्या विमानात असा दोष सापडला, की जो त्याच जातीच्या इतर विमानांतही असू शकेल, तर संबंधित देशाचे विमान वाहतूक खाते एक आदेश काढते. त्याला ‘एअरवर्दिनेस डायरेक्टिव्ह’ म्हणतात. हँगरमध्ये नुसते ‘एडी’. कोणत्या क्रमांकाची विमाने, कोणता भाग, तो कसा तपासायचा, किती उड्डाणांच्या किंवा किती दिवसांच्या आत, आणि दोष दिसल्यास दुरुस्ती कोणती, हे सारे त्यात असते. मुदत टळली तर विमान उडू शकत नाही. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय हे पाहते. याउलट विमान बनवणारी कंपनी जे ‘सर्व्हिस बुलेटिन’ पाठवते ती शिफारस असते. खात्याने तिला आदेशाचे बळ दिले तरच ती सक्ती होते. शिफारस आणि सक्ती यांत कागदावर फारसे अंतर दिसत नाही. दोहोंत तेच आकृतिबंध, तेच सुटे भाग, तेच मोजमाप.

ते अंतर केवढे असते हे आम्हांला प्रशिक्षणाच्या पहिल्या वर्षी एका वृद्ध शिक्षकांनी फळ्यावर दरवाजा काढून शिकवले. डीसी-१० या विमानाचा मागचा मालाचा दरवाजा. प्रवासी दरवाजा बहुधा बाटलीच्या बुचासारखा आतून बसतो. आतला हवेचा दाब त्याला घट्टच करतो. हा मालाचा दरवाजा बाहेर उघडणारा होता. त्याला खालच्या काठावर आकडे; विजेची मोटर ते आकडे फिरवून बसवी, आणि मग बाहेरचा दांडा खाली ओढला की कुलपाच्या पिना आत सरकत. खोट एवढीच होती की आकडे पुरते बसले नसले तरी जोर लावून दांडा बंद होत असे. बाहेरून पाहणाऱ्याला दरवाजा लागलेला दिसे.

१२ जून १९७२ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइटच्या विमानतळावर एका कामगाराला तो दांडा लागेना. त्याने गुडघ्याने रेटून लावला. विमान वर गेले आणि कॅनडातील विंडसर शहराच्या आकाशात, सुमारे १२ हजार फुटांवर, दरवाजा उडाला. मालखान्यातील हवा क्षणात निघून गेली. वरच्या प्रवासी कक्षातला दाब तसाच राहिला. त्या दाबाने मधला मजला खाली खचला, आणि शेपटीकडे जाणाऱ्या नियंत्रणाच्या तारा त्याच मजल्याखालून जात होत्या. वैमानिकाने उरल्यासुरल्या नियंत्रणांवर आणि इंजिनांच्या जोरावर विमान डेट्रॉइटला परत उतरवले. ६७ माणसांपैकी कोणी दगावले नाही.

आमचे शिक्षक इथे थांबत आणि विचारत, ‘आता एडी निघायला हवी की नाही?’ सारा वर्ग ‘हवी’ म्हणे. ती निघाली नाही. अमेरिकेच्या खात्यात तिची तयारी चालू असतानाच खात्याच्या प्रमुखांचे आणि कंपनीच्या प्रमुखांचे दूरध्वनीवर बोलणे झाले, आणि काम सर्व्हिस बुलेटिनवर भागवायचे ठरले. या तडजोडीला पुढे ‘सद्गृहस्थांचा करार’ असे नाव पडले. पंधराच दिवसांनी, २७ जूनला, दरवाजाचे काम ज्या उपकंत्राटदार कंपनीने केले होते तेथील डॅन अ‍ॅपलगेट नावाच्या अभियंत्याने आपल्या वरिष्ठांना लेखी कळवले, की येत्या वीस वर्षांत हे दरवाजे पुन्हा उघडतील आणि त्यात विमान गमवावे लागेल. वरिष्ठांना त्याचे म्हणणे चुकीचे वाटले नाही. पण दुरुस्तीचा खर्च आपल्या गळ्यात पडेल, या धास्तीने ते पत्र पुढे गेलेच नाही.

३ मार्च १९७४ रोजी तुर्की एअरलाइन्सचे डीसी-१० पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून लंडनला निघाले. ब्रिटिश विमान कंपनीच्या संपामुळे अडलेले पुष्कळ प्रवासी त्यात चढले होते. काही मिनिटांतच मागचा दरवाजा उडाला, भरल्या खुर्च्यांसकट मजला खचला, तारा तुटल्या. विमान एर्मेनॉनव्हिलच्या जंगलात कोसळले. ३४६ माणसे गेली. दरवाजा लावणाऱ्या कामगाराने त्याला शिकवले होते तसेच केले होते. दांडा फारसा जोर न लावता बसला होता. पिना बसल्या की नाही हे पाहण्यासाठी एक छोटी काच दिलेली होती. तिच्याजवळची सूचना इंग्रजीत आणि तुर्कीत होती, आणि त्याला या दोन्ही भाषा वाचता येत नव्हत्या.

पण शिक्षकांचा खडू शेवटी दरवाजावर नसे. तो कागदावर येई. तोच दांडा जोराने लावता येऊ नये म्हणून एक आधारपट्टी बसवायची शिफारस बुलेटिनमध्ये होती. विंडसरच्या वेळी हे विमान अजून कारखान्यातच होते. तुर्की कंपनीला ते १९७२ च्या डिसेंबरात मिळाले. कारखान्याच्या नोंदवहीत ती पट्टी बसवल्याची नोंद होती, आणि त्या नोंदीवर तीन तपासनिसांचे शिक्के होते. पट्टी बसवलेलीच नव्हती. पुढे त्या तिघांना विचारले, तेव्हा त्या विमानावर काम केल्याचे एकालाही आठवेना.

‘तिघे लबाड होते का?’ असे एकाने विचारले, तेव्हा शिक्षक म्हणाले, ‘तसे असते तर बरे झाले असते. लबाड ओळखता येतो.’ तेव्हा आम्हांला हे उत्तर कळले नाही. सक्तीची एडी असती तर ते तीन शिक्के खरे ठरले असते, असेही आम्ही म्हणणार नाही. पण मुदत असती, खात्याची फेरतपासणी असती, आणखी कोणीतरी तो दरवाजा उघडून पाहिला असता. दरवाजाच्या दुरुस्त्या पॅरिसनंतर सक्तीच्या झाल्या. मजल्यात हवा वाहून जाण्याची सोयही नंतरच आली.

आदेश निघाला म्हणून सारे भागते असेही नाही. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांत अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चे सुमारे १८ फूट छत २४ हजार फुटांवर उडून गेले आणि एक हवाईसुंदरी बाहेर फेकली गेली. त्या विमानाची जवळजवळ ९० हजार उड्डाणे झाली होती, तीही समुद्राच्या खाऱ्या हवेत. पत्र्याच्या जोडांतील रिवेटपाशी भेगा शोधण्याचा आदेश आधीच निघालेला होता. मात्र कंपनीच्या बुलेटिनने जेवढे जोड सांगितले होते तेवढे त्याने सक्तीचे केले नव्हते. चौकशीत आणखी एक गोष्ट आली. विमानात चढताना एका प्रवासी महिलेला दरवाजाजवळ भेग दिसली होती. ती कोणाला काही बोलली नाही. तिला दोष द्यायला आमची जीभ धजत नाही. विमान म्हणजे जाणत्यांनी पाहिलेली वस्तू, असे तिला वाटले असेल. आम्हीच लोकांना तसे वाटायला लावतो. आणि जाणत्यांचे म्हणाल, तर रात्री अडीच वाजता टॉर्चच्या उजेडात हजारो सारख्या रिवेटांवरून नजर फिरवणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच माहीत. तिसऱ्या ओळीपुढे डोळा पाहतो आणि मन पाहत नाही.

आता आमचे. नोकरीच्या सहाव्या की सातव्या वर्षी, मुंबईतल्या एका जुलैच्या रात्री, शेपटीच्या आतल्या एका ब्रॅकेटला भेग आहे का हे पाहायची एडी होती; ठरावीक उड्डाणांनंतर पुन्हा पुन्हा करायची. एकाने पाहायचे, दुसऱ्याने स्वतंत्रपणे पाहायचे. जागा इतकी अरुंद की एक खांदा आधी घालावा लागे. आमच्यापैकी एक आत जाऊन आला. दुसऱ्याच्या अंगात ताप होता, बाहेर पाणी गुडघ्यापर्यंत चढले होते. आत जाऊन आलेला म्हणाला, ‘अरे, नीट पाहिलंय. सही कर.’ दुसऱ्याने केली. ज्याच्याबरोबर एका ताटात जेवलो त्याच्या डोळ्यांवर अविश्वास कसा दाखवायचा? विमान वेळेवर गेले.

तीन दिवस आम्ही दोघेही नीट झोपलो नाही. तिसऱ्या रात्री ते विमान पुन्हा आमच्याच हँगरला आले. आम्ही कोणाला न सांगता पॅनेल उघडले आणि एकामागून एक आत गेलो. ब्रॅकेट ठणठणीत होते. पॅनेल लावले, हात पुसले आणि वरिष्ठांना काही कळवले नाही. कळवायला हवे होते. ज्याने सही केली तो आणि ज्याने ती मागितली तो, दोघेही इथे लिहीत आहेत. कोण कोणता हे आम्ही सांगणार नाही, कारण उलटे घडले असते तरी तसेच घडले असते. शिक्षकांचे उत्तर आम्हांला त्या तीन दिवसांत कळले.

त्यानंतर काही महिन्यांनी अशीच वेळ आली. या खेपेस काम नियंत्रणाच्या तारेचे होते. तार सोडवून पुन्हा ताणलेली, टर्नबकलला लॉकिंग वायर घातलेली. असे काम ज्याने केले त्याच्याशिवाय दुसऱ्या माणसाने प्रत्यक्ष पाहिल्याखेरीज विमान सोडता येत नाही. पहाटेचे चार वाजून गेले होते, पावणेसहाचे उड्डाण. काम करणाऱ्याने दुसऱ्याला हाक न मारताच पॅनेल बंद केले होते. कार्ड पुढे आले. दुसऱ्याने पेन काढले नाही. तो एवढेच म्हणाला, ‘उघड.’

‘बावीस स्क्रू आहेत.’

‘उघड.’

बावीस स्क्रू उघडले. टर्नबकल बरोबर होता, वायर बरोबर होती, ताण बरोबर होता. कुठे नखाएवढी चूक नव्हती. विमान चाळीस मिनिटे उशिरा गेले, खुलासा मागितला गेला, आणि तो दोघांनी मिळून दिला. मात्र हँगरमधून बाहेर पडताना आम्ही एकमेकांशी बोललो नाही. पुढचे आठ दिवस कामापुरते शब्द झाले. डबे वेगवेगळ्या बाकांवर उघडले. ज्याला ‘उघड’ म्हटले गेले त्याच्या मनात आपली कारागिरी, आपला शब्द, वसतिगृहातली सगळी वर्षे त्या बावीस स्क्रूंबरोबर उकरली गेल्याची सल होती. ज्याने म्हटले त्याच्या मनात ती अरुंद जागा होती. दोघांनाही एकमेकांचे कळत होते, आणि तरीही आठ दिवस गेले.

नवव्या रात्री पुन्हा दोघांची एकाच विमानावर नेमणूक झाली. काम करणाऱ्याने तार ताणली, वायर घातली, हात पुसले आणि पॅनेल उघडेच ठेवून तो शिडीवरून खाली उतरला. टॉर्च दुसऱ्याच्या हातात दिला. दुसरा वर चढला. तो खाली आला तेव्हा कार्डावर पहिली सही झालेली होती, तिच्याखालची जागा मोकळी होती, आणि बाकावर दोन डबे शेजारीशेजारी होते.