रडीचा डाव

लहानपणी लगोरी नाहीतर आट्यापाट्या खेळताना एखादा भिडू हरायला लागला, की त्याला हमखास काहीतरी व्हायचं. कुणाची चप्पल तुटायची, कुणाला आईनं हाक मारल्याचे भास व्हायचे. मग बाकीच्यांनी 'रडीचा डाव खडी' म्हणून गिल्ला केला, की स्वारी मुकाट्यानं परत यायची. नाही आली तर दुसऱ्या दिवशी तिला कुणी खेळायला घ्यायचं नाही. एवढं पुरे असे.

आता खेळ फोनवर गेले, पण रडी काही सुटली नाही. उलट तिला नवी कारणं मिळाली. 'नेट गेलं', 'फोन तापला', 'समोरचा चीटिंग करतो', आणि सर्वांत लाडकं म्हणजे 'माझी टीमच भिकार!' आम्ही राहतो शिर्डीत. गुरुवारी पालखीच्या गर्दीत आमच्याकडे फोन खरोखरच रडतखडत चालतो, तेव्हा चिरंजीवांना आयतंच निमित्त. पण बुधवारी हरले तरी नेटच गेलेलं असतं!

सासूबाई म्हणतात, "फोनच काढून घे." मला ते पटत नाही. फोन काढला तर रड थांबेल, पण हरायचं कसं ते कोण शिकवणार? पुढं कॅरमवर, परीक्षेत, नोकरीत हेच चालायचं. ह्यांचंच बघा ना! दिवाळीत भावंडं मेंढीकोट खेळायला बसली, की ह्यांना दर वेळी पानं वाईटच येतात, आणि जोडीदार तर जन्मात कधी धड मिळत नाही. (जोडीदार म्हणजे पत्त्यांतला, असं मी समजून घेते.)

एकदा मी मुलाजवळ बसून त्याचा तो 'बीजीएमआय' समजावून घेतला. साधारण शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. चौघाचौघांचे गट धरले तर पंचवीस गट झाले, आणि शेवटी जिंकणार एक. म्हणजे चोवीस हरणारच! आपल्या हुतूतूत दोनांतला एक संघ तरी खुशीत घरी जायचा. इथं हरणं हाच रोजचा शिरस्ता. पंचवीस काड्या ओट्यावर मांडून दाखवल्या, तेव्हा पोरगा जरा गप्प झाला. आणखी एक फरक आहे. हुतूतूत ज्याच्यावर ओरडायचं तो समोर असायचा, धुळीनं माखलेला, गुडघा फुटलेला. इथं नुसतं टोपणनाव आणि कानात आवाज. तोंड दिसत नाही, म्हणून जीभ सुटते.

ती किती सुटते, ते एका संध्याकाळी पोळ्या लाटताना ऐकू आलं. ह्या पोरांचा चौघांचा गट, सगळे आमच्याच गल्लीतले. त्यांतल्या एकाचे वडील हारफुलं विकतात. घरात फोन एकच, तोही काच तडकलेला. त्यामुळं हरलं की खापर ह्याच्या डोक्यावर. "तू नसतास तर जिंकलो असतो. उद्यापासून येऊच नकोस," आमचे चिरंजीव म्हणाले. तो खरंच आला नाही. आठवड्यातून दोनदा तरी माझ्या हातचं थालीपीठ खाणारा मुलगा, आठ दिवस फिरकला नाही. पिठाच्या गिरणीत त्याची आई भेटली. तक्रार नाही, काही नाही. "हल्ली घरातच बसतो हो," एवढंच म्हणाली. दळण घेऊन परत येईपर्यंत माझ्या मनात दुसरं काही आलं नाही.

त्या रात्री मी एक जुनी वही काढून मुलाला दिली. खेळातली तक्रार तोंडानं करायची नाही, लिहायची. कोण, किती वाजता, नेमकं काय झालं, आणि तेव्हा आपण स्वतः काय करत होतो. पहिल्याच दिवशी चार तक्रारी. सकाळी वाचल्या, तर तीन त्यानंच फाडल्या. चौथी खरी होती. कुणा अनोळखी खेळाडूनं आईवरून शिवी दिली होती. तिची खेळातल्या सोयीनं रीतसर तक्रार केली आणि त्या माणसाचा आवाजही बंद केला.

तेव्हाच मी त्याला ऑनलाइन बुद्धिबळ ऑलिंपियाडची हकिगत सांगितली. ३० ऑगस्ट २०२० ला भारत आणि रशियाचा अंतिम सामना होता. कर्णधार आपल्या नाशिकचा विदित गुजराथी, आणि संघात नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख. पहिली फेरी ३-३ अशी बरोबरीत सुटली. दुसऱ्या फेरीत इंटरनेट बंद पडलं आणि दिव्या व निहाल सरीन वेळेवर हरले. भारतीय संघानं दाद मागितली. त्या दिवशी इंटरनेटची अडचण जगभर झाली होती, ही गोष्ट खरीच होती. जागतिक संघटनेनं दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. पुढं २०२५ मध्ये हीच दिव्या महिलांचा विश्वचषक जिंकली. "म्हणजे नेट गेलं म्हणायला हरकत नाही?" चिरंजीवांनी लगेच विचारलं. म्हटलं, गेलं असेल तर जरूर म्हण!

मित्राला बोलवायला मात्र तो तीन दिवस गेला नाही. चौथ्या दिवशी गेला. तिथं काय बोलला ते मी विचारलं नाही. आमच्या वेळी लहान किंवा कच्च्या भिडूला 'लिंबूटिंबू' म्हणून खेळात घेत, त्याला बाद धरत नसत. ह्या फोनच्या खेळात ती सोय नाही, म्हणून संध्याकाळी तासभर मी माझाच फोन त्या मुलाला देते. परवा तर ते चौघे पहिल्या पाच मिनिटांतच बाद झाले, आणि त्यावर हसतच थालीपिठं खायला आले.

धाकटी बहीण कुरकुरते, की संध्याकाळी तुझा फोन कधी मोकळाच नसतो. तिला सांगितलंय, वहीत लिही.